मोडेम ते संगणक : शेवटच्या दोन मीटरांची निवड

केबल मोडेमची मागची बाजू बघितली की आधी नजरेत भरतो तो बाहेरून आटे असलेला धातूचा गोल. घराबाहेरून आलेली काळी केबल त्यावर पिळून बसवायची. शेजारी अॅडॅप्टरच्या पिनचं भोक. आणि मग संगणकाकडे जाणारी जागा. २००० सालानंतरच्या काही वर्षांत घरोघरी आलेल्या बऱ्याच मोडेमवर अशा दोन जागा असत. एक लहान, चौकोनी यूएसबीची. दुसरी जराशी रुंद, आत आठ सोनेरी तारा ओळीने दिसणारी इथरनेटची, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातली लॅनची. मोडेम बसवायला आलेला मुलगा विचारायचा, "काका, यूएसबी लावू की लॅन?" आणि काका म्हणायचे, "जे चांगलं असेल ते लाव."

पुढे काय लागायचं ते बहुतेक वेळा त्या मुलाच्या पिशवीत कुठली वायर शिल्लक आहे यावर ठरायचं. ते तसं ठरू नये असं मला मनापासून वाटतं. खांबांवरून, गच्च्यांवरून कित्येक किलोमीटर येणारी लाइन कशी असावी हे आपल्या हातात नाही. मोडेमपासून संगणकापर्यंतचे दोन मीटर मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहेत. आज यूएसबीची ती जागा मोडेमवरून गेली, वाय-फाय आलं, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी काळ्या केबलऐवजी फायबर आली. तरी भिंतीशी बसलेला एक डबा आणि टेबलावरचा संगणक यांना जोडायचं कसं, हा प्रश्न तसाच राहिला आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. टेबलावरून हलत नाही अशा संगणकाला इथरनेटची वायर लावावी, आणि मोडेम व संगणक यांच्यामध्ये राउटर असावा. यूएसबी अगदीच इलाज नसेल तर. वाय-फाय फोनला आणि घरभर फिरणाऱ्या लॅपटॉपला.

हे का, ते कळायला मोडेम काय करतो हे थोडं बघावं लागेल. टीव्हीच्या केबलमधून वेगवेगळ्या वारंवारतांवर अनेक वाहिन्या एकाच वेळी वाहत असतात. त्यातली एक जागा टीव्हीऐवजी इंटरनेटला दिली की झालं केबल इंटरनेट. ही जागा अमेरिकेत ६ मेगाहर्ट्झ रुंद असते, युरोपात ८. अमेरिकेतल्या एका जागेतून, चांगल्या परिस्थितीत, सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट माहिती घराकडे येऊ शकते. पण ती एका घराची नसते. एका फाट्यावरची सगळी घरं ती वाटून घेतात, त्यामुळे संध्याकाळी सगळे घरी परतले की वेग उतरतो. मोडेम त्या लहरींमधून आपल्या वाट्याचे आकडे वेचतो आणि संगणकाला समजतील अशा रूपात पुढे देतो.

अमेरिकेत १९९० साली रूझबेह यासिनी यांनी लॅनसिटी नावाची कंपनी काढली, आणि केबल मोडेमच्या सुरुवातीच्या घडणीत तिचा मोठा वाटा आहे. त्या काळात प्रत्येक कंपनीचा मोडेम वेगळी भाषा बोलायचा. १९९७च्या मार्चमध्ये केबललॅब्ज या संस्थेने डॉक्सिस हे प्रमाणक जाहीर केलं, आणि कुठल्याही कंपनीचा मोडेम कुठल्याही केबल कंपनीच्या लाइनवर चालण्याची सोय झाली. या प्रमाणकाच्या कागदपत्रांत मोडेम आणि ग्राहकाचा संगणक यांच्यातल्या जोडणीसाठी एक स्वतंत्र दस्तऐवज आहे. त्यात इथरनेट, यूएसबी आणि संगणकाच्या पोटातच बसणारं पीसीआय मोडेम कार्ड अशा तिन्ही वाटा धरलेल्या आहेत. म्हणजे त्या बसवायला आलेल्या मुलाचा प्रश्न प्रमाणक लिहिणाऱ्यांनीही घेतला होता.

इथरनेट आधीपासून असताना यूएसबी मोडेमवर आलं कशाला? त्या वेळच्या घरगुती संगणकांमुळे. १९९८च्या सुमारास दुकानातून घेतलेल्या बहुतेक पीसींना लॅनचं भोकच नसायचं. ते हवं असेल तर कॅबिनेट उघडायचं, मदरबोर्डवरची रिकामी पीसीआय खाच शोधायची, कार्ड दाबून बसवायचं, विंडोजला ते ओळखायला लावायचं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर रिअलटेकची चिप असलेली साधी कार्डं हवी तेवढी मिळायची, पण दोन महिन्यांच्या पगाराएवढा खर्च करून आणलेला संगणक पाना-पेचकस लावून उघडायला घरातली माणसं धजत नसत. यूएसबीची जागा मात्र प्रत्येक नव्या पीसीला होती. वायर खोचली, सीडी घातली, नेट सुरू. ही सोय खरीच होती आणि त्या काळात ती पुष्कळांच्या उपयोगी पडली.

वेगाचीही तेव्हा अडचण नव्हती. यूएसबी १.१चा जाहीर वेग १२ एमबीपीएस. प्रत्यक्षात मात्र हिशेब असा आहे की दर मिलिसेकंदाला ६४ बाइटची जास्तीत जास्त १९ पाकिटं त्यातून जाऊ शकतात. म्हणजे मिलिसेकंदाला १,२१६ बाइट, म्हणजे सेकंदाला पावणेदहा मेगाबिटच्या आत. भारताच्या २००४च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं, हे लक्षात घेतलं तर पावणेदहा मेगाबिट ही त्या वेळी चैनच होती.

अडचण वेगळीकडे होती. यूएसबीच्या रचनेत संगणक मालक असतो आणि जोडलेलं उपकरण विचारल्याशिवाय बोलत नाही. संगणक दर मिलिसेकंदाच्या चौकटीत एकेकाला विचारत जातो, "तुझ्याकडे काही आहे का?" माऊस, प्रिंटर, कॅमेरा यांच्यासाठी ही पद्धत उत्तम आहे, यूएसबी घडलंच त्यांच्यासाठी. नेटची पाकिटं मात्र कधीही, कितीही येतात. संगणक दुसऱ्या कामात गुंतला की मोडेमला थांबावं लागतं, आणि त्या काळच्या प्रोसेसरवर या विचारपुशीचा भारही जाणवायचा. त्यात ड्रायव्हर. यूएसबीवरचा मोडेम हे संगणकाच्या दृष्टीने त्या कंपनीचं खास उपकरण, त्यामुळे त्या कंपनीने विंडोजच्या त्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर दिला असेल तरच ते चालणार. विंडोज नव्याने टाकलं आणि सीडी हरवली, की ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा. हा पेच ज्यांनी भोगला आहे त्यांना तो विसरता येत नाही. लिनक्स वापरणाऱ्यांचे हाल आणखी वेगळे. सीडीवर त्यांच्यासाठी काही नसायचंच. इथरनेटच्या बाजूने मोडेम कोणाचाही असो, संगणकाला फक्त स्वतःच्या लॅन कार्डाचा ड्रायव्हर लागतो आणि तो बहुधा विंडोजमध्येच असतो. मोडेम बदला, कंपनी बदला, गाव बदला, संगणकावर काही बदलावं लागत नाही.

मग २००६ साली डॉक्सिस ३.० आलं. चार जागा एकत्र बांधून त्या एकच असल्यासारख्या वापरायच्या, अशी त्यातली कल्पना. अमेरिकेतल्या ३८ मेगाबिटच्या चार जागा म्हणजे १५२. यूएसबी १.१ तर सोडाच, १०० मेगाबिटचं इथरनेटही आता तोकडं पडायला लागलं. त्यामुळे या पिढीच्या मोडेमवर गिगाबिट इथरनेटचं भोक आलं आणि यूएसबीचं निघून गेलं. मोटोरोलाच्या सर्फबोर्ड मालिकेत हा बदल सरळ दिसतो. एसबी ५१०१वर यूएसबी आणि इथरनेट दोन्ही. एसबी ६१२०वर एकटं इथरनेट. डॉक्सिस ३.१ आल्यावर एक गिगाबिटही पुरेनासं झालं आणि अनेक मोडेमवर अडीच गिगाबिटचं भोक आलं. आकार तोच, आठ तारांचा. जुनी वायर नव्या भोकात तशीच बसते.

ही आठ तारांची वायर जवळून बघण्यासारखी आहे. वरचं आवरण सोललं की आत चार जोड्या निघतात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक जोडीत एक तार पूर्ण रंगाची आणि दुसरी त्याच रंगाच्या पट्ट्याची पांढरी, आणि दोघी एकमेकींभोवती पिळलेल्या. हा पीळ शोभेचा नाही. जोडीतल्या दोन तारांवर एकच संदेश उलटसुलट पाठवलेला असतो आणि दुसऱ्या टोकाला दोघींतला फरक मोजला जातो. शेजारून पंख्याची किंवा मिक्सरची वायर गेली तर तिचा गोंगाट, पिळामुळे, दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच चढतो. फरक काढला की तो आपोआप वजा होतो. चारही जोड्यांचा पीळ कमी-जास्त ठेवलेला असतो, म्हणजे जोड्यांची आपसातली कुजबुजही कमी. एवढ्या साध्या युक्तीवर ही वायर १०० मीटरपर्यंत पूर्ण वेगाने चालते. यूएसबी २.० ची वायर ५ मीटरच्या पुढे नेऊ नये असं तिचं प्रमाणकच सांगतं.

वायर क्रिम्प करताना आठ तारा ठरलेल्या क्रमाने बसवाव्या लागतात. नारिंगी जोडी १ आणि २वर, हिरवी ३ आणि ६वर, निळी ४ आणि ५वर, तपकिरी ७ आणि ८वर. हिरवी जोडी निळीच्या दोन्ही बाजूंना फाकलेली असते, आणि घाईत वायर करणारे नेमके तिथेच चुकतात. रंग ओळीने लावत जातात. मग वायर टेस्टरवर आठही दिवे लागतात, पण पीळ चुकीच्या जोडीदाराबरोबर पडलेला असतो आणि लांब वायरीवर नेट अडखळायला लागतं.

आता एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा. ९४. दोनशे-तीनशे एमबीपीएसचा प्लॅन घेतलेला असतो, संगणकाला वायर लावलेली असते आणि स्पीड टेस्ट काही केल्या ९४ किंवा ९५च्या वर जात नाही. लोक कंपनीला फोन करतात, कंपनी सांगते आमच्याकडून सगळं बरोबर आहे, आणि बरेचदा कंपनीचं खरं असतं. १०० मेगाबिटच्या इथरनेटवर एका पाकिटाने १,५०० बाइट जातात, त्यातले ४० पत्ते आणि हिशेब यांचे, उरले १,४६०. शिवाय पाकिटाच्या पुढे-मागे आणि दोन पाकिटांच्या मधल्या मोकळ्या जागेत मिळून ३८ बाइट खर्च होतात. १,४६०ला १,५३८ने भागलं की ९५ टक्के. म्हणून स्पीड टेस्ट ९४वर ठाम उभी राहिली तर समजावं की मोडेम, राउटर, वायर किंवा संगणक यांतलं कोणीतरी १०० मेगाबिटवर अडकलं आहे. कधी राउटरचीच भोकं १०० मेगाबिटची असतात. स्वस्त राउटरवर हे फार आढळतं आणि खोक्यावर ठळक छापलेला असतो तो वाय-फायचा वेग. कधी लॅपटॉपचं कार्ड जुनं असतं. आणि फार वेळा वायरीतली एक तार तुटलेली असते. १०० मेगाबिटला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. निळीतली किंवा तपकिरीतली एक तार पिनपाशी तुटली तर नेट बंद पडत नाही. बहुतेक उपकरणं काही न बोलता १००वर उतरतात. विंडोजमध्ये इथरनेटच्या स्टेटसमध्ये जोडणीचा वेग लिहिलेला असतो, तिथे १.० गिगाबिट आहे का १०० मेगाबिट हे एकदा बघावं. शंभर दिसलं तर पहिल्यांदा वायर बदलावी.

वायर घेताना कॅट ५ईच्या खाली जाऊ नये. कॅट ६ मिळाली तर उत्तम. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आतली तार पूर्ण तांब्याची असावी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर बाजारात सर्रास मिळते, स्वस्त असते, आणि दोन-चार वेळा वाकली की पिनपाशी मोडते. दुकानदाराला थेट विचारावं.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर वाचकाचा गोंधळ होईल. मुंबई-पुण्यात हॅथवेसारख्या कंपन्यांनी खऱ्या अर्थाने टीव्हीच्या केबलमधून, मोडेम देऊन इंटरनेट पुरवलं. पण गल्लीतला केबलवाला जे नेट द्यायचा ते पुष्कळदा तसं नव्हतंच. तो त्याच्या कार्यालयापासून लॅनचीच वायर गच्च्यांवरून ओढत आणायचा. शंभर मीटरची मर्यादा असल्यामुळे मध्ये मध्ये, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला नाहीतर जिन्याच्या माथ्यावर, स्विचचा डबा ठेवलेला असायचा. ज्या इमारतीत डबा, तिथली वीज गेली की पुढच्या सगळ्या इमारतींचं नेट गेलं. अशा घरात मोडेम नसतोच. खिडकीतून आत आलेली निळी किंवा राखाडी वायर सरळ संगणकात किंवा राउटरमध्ये जाते. आपल्याकडे कोणतं आहे हे ओळखायला घरात येणारी वायर बघायची. गोल, काळी, मध्ये एकच जाड तार आणि टोकाला पिळायची पिन असेल तर मोडेम हवा. फायबर असेल तर भिंतीवर मोडेमच्या जागी ओएनटी नावाचा डबा असतो, आणि पुढे या लेखातलं बहुतेक सगळं त्यालाही लागू पडतं.

नवीन संगणक किंवा राउटर जोडला, वायर बरोबर आहे, दिवे लागलेत, पण नेट नाही. केबल मोडेमवर हे हमखास होतं आणि त्याचं कारण साधं आहे. प्रत्येक लॅन कार्डाला कारखान्यातून मिळालेला एक मॅक पत्ता असतो. मोडेम चालू झाल्यावर त्याला पहिल्यांदा जो मॅक पत्ता दिसतो तो तो लक्षात ठेवतो, आणि कंपनीने एकाच उपकरणाची परवानगी दिली असेल तर दुसऱ्याला दाद देत नाही. मोडेमची वीज बंद होईपर्यंत ही आठवण टिकते. म्हणून जोडणी बदलताना क्रम पाळायचा. आधी मोडेम बंद. मग वायर नव्या उपकरणात. मग मोडेम चालू करून ऑनलाइनचा दिवा स्थिर होईपर्यंत थांबायचं, दोन-पाच मिनिटं लागतात, आणि शेवटी राउटर किंवा संगणक चालू करायचा. काही मोडेममध्ये बॅटरी असते. ती असेल तर अॅडॅप्टर काढून भागत नाही, बॅटरीही काढावी लागते. आपल्याकडे काही कंपन्या हा पत्ता त्यांच्या कार्यालयातच नोंदवून ठेवतात; तिथे फोन करून नवा पत्ता द्यावा लागतो, किंवा राउटरला जुन्या संगणकाचा मॅक पत्ता धारण करायला सांगायचं. बहुतेक राउटरमध्ये ती सोय असते. संगणकाला मिळालेला आयपी पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर त्याला कोणीच पत्ता दिलेला नाही असा अर्थ. विंडोजने तो स्वतःच मनाने घेतलेला असतो.

राउटर मध्ये हवाच, हे मी सुरुवातीला म्हटलं. पुष्कळांना वाटतं, घरात एकच संगणक, राउटरची काय गरज? गरज आहे, आणि ती वाय-फायसाठी नाही. साधा केबल मोडेम संगणकाला थेट जोडला की त्या संगणकाला इंटरनेटवरचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो, म्हणजे जगातलं कोणतंही यंत्र त्याच्या दारावर येऊन थाप मारू शकतं. २००३च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर आणि २००४च्या एप्रिल-मेमध्ये सॅसर हे किडे अशाच दारांतून शिरले. कोणी चुकीची ईमेल उघडली नव्हती, कोणी काही डाउनलोड केलं नव्हतं. विंडोज एक्सपी नव्याने टाकून मोडेमला लावलेला संगणक, सुरक्षा अपडेट उतरवून व्हायच्या आत बाधित व्हायचा आणि साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवत स्वतः बंद व्हायचा. २००४च्या ऑगस्टमध्ये आलेल्या सर्व्हिस पॅक २ने विंडोजची फायरवॉल आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली.

ज्यांच्याकडे मध्ये राउटर होता ते बहुतेक वाचले. कारण राउटर बाहेरचा सार्वजनिक पत्ता स्वतःकडे ठेवतो आणि घरातल्या यंत्रांना १९२.१६८ने सुरू होणारे खाजगी पत्ते देतो. आतून कोणी बाहेर विचारणा केली की तिची तो नोंद करतो आणि उत्तर आलं की त्याच यंत्राकडे पोचवतो. न विचारता बाहेरून आलेलं पाकीट कोणाचं, याची नोंदच नसते, म्हणून ते टाकून दिलं जातं. नव्या आयपीव्ही६ पद्धतीत घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो आणि हा आडोसा राहत नाही, तेव्हा राउटरच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही६ची फायरवॉल चालू आहे ना, हे बघावं. आणि राउटरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. ही गोष्ट मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो, कारण बहुतेक घरांत तो तसाच असतो.

आता बऱ्याच कंपन्या मोडेम आणि राउटर एकाच डब्यात देतात. मग वेगळा राउटर घ्यायची गरज नाही, त्या डब्याच्या लॅनच्या भोकातून वायर थेट संगणकात न्यावी. स्वतःचा चांगला राउटर लावायचाच असेल तर कंपनीच्या डब्याला ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नुसतं मोडेमचं काम करण्यापुरतं, टाकायला सांगावं. नाहीतर एकापुढे एक दोन राउटर होतात. साधी पानं उघडतात, पण ऑनलाइन खेळ, घरचा कॅमेरा बाहेरून बघणं, काही ऑफिसांचं व्हीपीएन यांत अडचणी येतात आणि कारण पटकन सापडत नाही.

वाय-फायबद्दल मला तक्रार नाही. फक्त ते वायरीचा पर्याय आहे असं मानून टेबलावरचा संगणक त्यावर टाकण्याला माझा विरोध आहे. वायरीवर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलता येतं आणि ती वायर फक्त त्या दोघांची असते. वाय-फायवर एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. त्यात आपला फोन, टीव्ही आणि शेजारच्या घरातली उपकरणंही आली. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारी चॅनेलं तीनच आहेत: १, ६ आणि ११. सोसायटीच्या एका मजल्यावर चार घरं, वर-खाली आणखी आठ, सगळे त्या तिनांत. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. ५ गिगाहर्ट्झवर जागा पुष्कळ आहे, पण त्या लहरी सिमेंटच्या भिंतीत लवकर मरतात, आणि आपल्या आरसीसी फ्लॅटमध्ये दोन भिंती म्हणजे मोठा अडथळा. खोक्यावरच्या आकड्याच्या निम्मा वेग हाती लागला तरी बरं म्हणायचं. वेगापेक्षाही बोचते ती अनियमितता. एक पाकीट दोन मिलिसेकंदांत, पुढचं चाळीसमध्ये. सिनेमा बघताना हे कळत नाही, कारण तो आधी थोडा साठवून घेतो. ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये मात्र बोलणं तुटतं आणि मुलांच्या ऑनलाइन परीक्षेत जीव टांगणीला लागतो.

कुठे ठेवायचा मोडेम? टीव्हीपाशी की संगणकापाशी? आपल्याकडे केबल बहुधा हॉलच्या खिडकीतून टीव्हीपाशी येते आणि संगणक आतल्या खोलीत असतो. अशा वेळी स्प्लिटर लावून काळी केबल आत ओढायची पद्धत आहे. तसं करू नये. दोन फाट्यांच्या स्प्लिटरमध्ये संदेश साडेतीन डेसिबलने घटतो, म्हणजे निम्म्याहून कमी उरतो, आणि प्रत्येक सैल पिनेतून बाहेरचा गोंगाट आत शिरतो. मोडेम ती घट भरून काढायला जास्त जोर लावून पाठवायला लागतो आणि त्याच्या जोराला मर्यादा आहे. म्हणून मोडेम केबल घरात शिरते तिथेच ठेवावा आणि पुढचं अंतर लॅनच्या वायरीने कापावं. वीस मीटर लॅन वायरीत वेग तसूभरही कमी होत नाही. मोडेमची स्थिती बघायची असेल तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाकावा; बहुतेक केबल मोडेमचं पान तिथे उघडतं. खाली येणाऱ्या संदेशाची ताकद उणे ७ ते अधिक ७च्या दरम्यान आणि संदेश-गोंगाट गुणोत्तर ३३ डेसिबलच्या वर असेल तर लाइन निरोगी आहे. वर पाठवण्याचा जोर पन्नाशीच्या पुढे गेलेला दिसला तर पिना आणि स्प्लिटर तपासायला सांगावं.

अमेरिकेतल्या घरांची रचना वेगळी. तिथे खोल्याखोल्यांत केबलची पिन भिंतीत बांधलेली असते, पण लाकडी भिंतींच्या आतून नवी लॅन वायर ओढणं खर्चाचं काम. एडिसनला किंवा फ्रीमाँटला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना यावर मोका हा चांगला तोडगा आहे. हॉलमध्ये मोडेम-राउटर, तिथे एक मोकाचा डबा, आतल्या खोलीत दुसरा. दोघे भिंतीतल्याच केबलमधून आपसात बोलतात आणि दोन्ही टोकांना इथरनेटचं भोक देतात. केबल घरात येते तिथे मोकाचा फिल्टर बसवायला विसरू नये, नाहीतर संदेश शेजाऱ्यापर्यंत जातो.

पातळ लॅपटॉपना हल्ली लॅनचं भोकच नसतं. त्यांना यूएसबी ते इथरनेट अॅडॅप्टर लावावा, तो यूएसबी ३.०चा आणि गिगाबिटचा असावा. म्हणजे शेवटी यूएसबीच की, असं कोणी म्हणेल; पण मोडेमकडची बाजू इथरनेटचीच राहते, मोडेम बदलला तरी अॅडॅप्टर तोच, आणि यूएसबी ३.०च्या ५ गिगाबिटमध्ये एक गिगाबिट आरामात मावतो. २.०चा अॅडॅप्टर घेतला तर त्याच्या ४८० मेगाबिटमधले तीनशेच्या आसपास हाती लागतात.

राहिला विजेचा प्रश्न, आणि तो महाराष्ट्रात महत्त्वाचा आहे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात कडाडणारी वीज केबलच्या लाइनवरून घरात येऊ शकते. यूएसबीच्या वायरीत मोडेम आणि संगणक यांची जमीन एकच होते, त्यामुळे मोडेमवर आलेला झटका सरळ मदरबोर्डवर. इथरनेटच्या प्रत्येक भोकामागे छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. दोन्ही बाजूंमध्ये धातूचा थेट संपर्क नसतो आणि १,५०० व्होल्टपर्यंतचा दाब ते सोसतात, अशी प्रमाणकाची अट आहे. केबलची पिन हाताला लागली की झिणझिण्या येतात तो अर्थिंग नसलेल्या उपकरणांचा गळता विद्युतप्रवाहही तिथेच अडतो. कोसळलेल्या विजेपुढे मात्र हे ट्रान्सफॉर्मर टिकत नाहीत. तेव्हा आभाळ गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून थांबू नये. मोडेमचा अॅडॅप्टर सॉकेटमधून काढावा, काळी केबल पिळून सोडवावी आणि संगणकाची लॅनची वायरही उपटून ठेवावी. तिन्ही. आणि हे गडगडाट लांब असतानाच करावं. वीज डोक्यावर आल्यावर केबलच्या पिनेला हात लावायला जाऊ नये.